कोपीतला दिवा विझायला हवा होता

पवनचक्की बघायला म्हणून कुणी ठाणाकुशनूरला जात नाही. त्यासाठी साताऱ्याकडचे डोंगर आहेत, तिथे रस्ता बरा आहे आणि फोटोही चांगले येतात. मी गेले, कारण मला एका कागदावर सही करायची होती आणि जागा न बघता ती करायची नव्हती.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. मी संगणकावर पवनचक्क्या चालवून बघते. पातं, दांडा, जनित्र, तारा, सगळं समीकरणांत मांडायचं आणि वारा वाढला तर काय, लाईन गेली तर काय, ते पडद्यावर बघायचं. जनित्राचं संपूर्ण गणित मांडायला बसलं तर संगणक दिवसभर घरघरत राहतो. म्हणून आम्ही सोपी मॉडेलं वापरतो. पापणी लवायच्या आत विरून जाणाऱ्या गोष्टी काढून टाकायच्या, दोन यंत्रांचं एक यंत्र धरायचं, आणि गावातल्या यच्चयावत विहिरींवरच्या मोटारींच्या जागी एक बाण काढायचा. यात लबाडी काही नाही. शिंपी सदऱ्याचं माप घेताना नाकाचं माप घेत नाही, तसंच हे.

या वेळचा प्रश्न साधा होता. बिदर जिल्ह्याच्या त्या माळावर एका कंपनीने दोन लहान, जुन्या पवनचक्क्या आणून उभ्या केल्या होत्या आणि त्या गावाच्याच लाईनीला जोडल्या होत्या. सबस्टेशनातून लाईन बंद केली, की या चक्क्याही आपोआप निर्जीव होतात का? होत असतील, तर चक्कीच्या बुडाशी असलेला हाताने ओढायचा खटका दर वेळी पाडायला नको, आणि त्यासाठी माळावर माणूस ठेवायला नको. माझं मॉडेल म्हणत होतं, होतात. या जातीच्या जनित्राला स्वतःचं चुंबकत्व नसतं. ते लाईनीकडून उसनं घेतं. लाईन गेली की चुंबकत्व गेलं, मग पातं कितीही फिरो, तारेत वीज नाही. पुस्तकातही असंच आहे. पण लाईन मेली आहे असं समजून खांबावर चढणारा माणूस पुस्तकात नसतो. तो त्या माळाखालच्या वाडीत राहत होता आणि माझ्या सहीवर त्याचा जीव टांगलेला होता.

भालकीकडे

उदगीरहून भालकीची बस मिळाली तेव्हा सकाळची थंडी अजून ओसरली नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी होती, शेंगा भरलेल्या, आणि मधेच उसाने भरलेल्या ट्रॅक्टरमागे आमची बस निमूट चालायची. सीमा कधी ओलांडली ते पाट्यांवरून कळलं, माणसांवरून नाही. कंडक्टर कानडीत सुरू करून मराठीत सुटे मागत होता आणि मागच्या बाकावरच्या दोघी त्याच्याशी दखनीत भांडत होत्या.

माझ्या शेजारी एक गृहस्थ मांडीवर पोतं घेऊन बसले होते. पोत्यात डबे वाजत होते. मी सहज विचारलं, तूप का?

"तूप न्हाई बाई, कंडेन्सर हायत," ते म्हणाले. "आमच्या गावात लाईट दोनच फेज येतंय. मोटार तीन फेजची. मग हे एक लावलं की तिसरं फेज तयार होतंय बगा."

"मोटार जळत नाही?"

"जळतीय की कवा कवा. पर पाणी तर येतंय."

मला कौतुक वाटलं. अर्धी वीज देणाऱ्या सरकारकडून पूर्ण पाणी काढायची ही युक्ती मी वाचून होते, मांडीवर घेतलेली पहिल्यांदाच बघत होते. मोटार चालू तेवढाच वेळ कंडेन्सर चालू असणार, असं मी मनाशी धरलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. भालकीच्या स्टँडसमोर सुशीला खाल्ला. चुरमुरे भिजवून, कांदा-मिरची घालून परतलेले, वर शेंगदाण्याचं कूट. पुण्यात पोह्यांवर कोथिंबीर नसली तर आम्ही तोंड वाकडं करतो. इथे सुशीलाबरोबर एक तळलेली मिरची दिली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. माझी तक्रार नाही.

स्टँडवर देशमुख न्यायला आले होते. कंपनीचे व्यवस्थापक, माणूस गोड, घाईत असलेला. जीपमध्ये बसताबसताच म्हणाले, "मॅडम, तुम्ही फोनवर सांगितल्याप्रमाणे खटका आता आम्ही पाडत नाही. उद्याच त्या लाईनीवर काम आहे."

मी फोनवर म्हणाले होते, "मॉडेलात तरी लाईन मरते." त्यातलं "मॉडेलात तरी" त्यांनी पुण्यातच सोडून दिलं होतं. मी तसं बोलून दाखवलं. ते हसले. मला अजिबात हसू आलं नाही.

माळाखालची वाडी

वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माळावरच्या दोन चक्क्या दुरून दिसतात. गावात त्यांना पवनचक्की कुणी म्हणत नाही, पंखे म्हणतात. वारा पडलेला होता, पाती आळसावल्यासारखी फिरत होती. चक्कीच्या बुडाशी तो खटका होता, त्याला कुलूप, आणि किल्ली राखणदाराच्या खिशात. राखणदार सणासाठी त्याच्या गावी गेला होता, खिशासकट.

माझी उतरायची सोय लाईनमन संगप्पाच्या घरी होती. तिशीतला, उंच, बोलताना मान एका बाजूला कलती करणारा माणूस. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. त्याची बायको शांताबाई, जिला वाडीत सगळे शांतक्का म्हणत, तिने मला ओसरीवर बसवलं, पायांवर पाणी घातलं आणि मी नको नको म्हणेपर्यंत ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही समोर ठेवलं.

"उद्या येळवस हाय, अक्का," ती म्हणाली. "बरं झालं आलाव. उद्या रानात जेवायचं."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. लातूर, उदगीर, बिदर, गुलबर्ग्याकडच्या या पट्ट्यात त्या दिवशी घरात कुणी जेवत नाही. गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. आमच्याकडे अमावास्येला लोक प्रवास टाळतात, इथे अमावास्येला वाटसरूला हात धरून पंगतीला बसवतात.

आणि संगप्पाचं काम त्याच दिवशी ठरलं होतं. वाडीच्या नव्या वस्तीला लाईन जोडायची, म्हणजे खांबावर चढून मुख्य तारांना तारा बांधायच्या. येळवस का, तर त्या दिवशी कुणी मोटार लावत नाही, पाणी देत नाही. लाईट गेलं तरी कुणी शिव्या घालत नाही. सगळ्यांत निवांत दिवस. हा विचार मलाही पटला. पण खटका पाडलेला नाही हे मनातून जाईना.

"संगप्पा, तारेवर हात ठेवायच्या आधी काठी टाकता ना?" मी विचारलं. काठी म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला आकडा आणि त्यातून जमिनीत जाणारी जाड तार. ती तारांवर अडकवली की उरलीसुरली वीज जमिनीत जाते. वर चढणाऱ्याचा खरा जीव तिच्यात असतो.

"टाकतो की. हाय माझ्याकडं." मग मान कलती करून म्हणाला, "पर अक्का, तुमच्याच सायबानी सांगितलं, पंखे बी आपोआप मरत्यात म्हणून. पुण्याच्या बाईनी कम्प्युटरवर बगितलंय म्हणले."

शांतक्का चुलीपाशी होती. तिने वळून माझ्याकडे बघितलं. तिची नजर काही आरोपाची नव्हती. तिला फक्त माझा चेहरा बघायचा होता. मी म्हटलं, काठी टाकाच. तो "व्हय" म्हणाला. त्या "व्हय"वर मी झोपले, आणि नीट झोपले नाही.

येळवस

सकाळी बायका डोक्यावर आंबिलाच्या बिंदग्या घेऊन निघाल्या. ज्वारीचं पीठ आणि ताक घालून केलेली ही आंबिल रात्रभर मुरलेली असते, आणि रंगवलेल्या मडक्यातून तिचा आंबट वास साऱ्या वाटेवर येत असतो. मी शांतक्कामागून चालत होते. हरभऱ्याच्या रानावर दव होतं, माझ्या चपला चिखलाने जड झाल्या आणि एका बांधावर मी चांगली आपटले. शांतक्का हसली नाही, तिच्या मागच्या चारजणी मात्र मनमोकळ्या हसल्या.

संगप्पाच्या रानात कडब्याची कोपी उभी केलेली होती. चार पेंढ्या एकमेकींना टेकवून केलेलं छोटं खोपटं, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. वर एक पिवळा दिवा टांगलेला, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून तार ओढून. शेजारी त्याच तारेवर चालणारा भाड्याचा कर्णा, त्यावर देवाची गाणी, आणि कर्णा उंच बांधायला एक छान लांब दांडा.

दांड्याच्या टोकाला आकडा होता.

मी जवळ जाऊन बघितलं. आकड्यातून निघालेली जाड तार गुंडाळून दांड्यालाच बांधली होती. कर्णा ज्याच्यावर मिरवत होता ती संगप्पाची काठी होती.

"हे काय?" मी ओरडलेच.

"बांबू मोडला ना अक्का," संगप्पा म्हणाला. "म्हाताऱ्यानी मागितलं, दिलो. जाताना काढून नेतो की." म्हातारा म्हणजे त्याचा चुलता काशप्पा. तो कर्ण्याच्या खोक्याशी बसून सगळ्या शिवाराला गाणी वाटत होता आणि अध्येमध्ये माईक हातात घेऊन, कोण कुणाच्या रानात जेवायला आलंय ते जाहीर करत होता. लगेच एका बाजूने कुणीतरी त्याला विडा दिला, दुसऱ्या बाजूने संगप्पाला हाक आली. मी त्या दांड्याखाली उभी राहिले. सणाच्या दिवशी पाहुणी बाई किती वेळा तेच तेच बोलणार? मी अजून एकदा बोलले. "नेतो, अक्का, नेतो," तो म्हणाला आणि मोटारसायकलवर बसून माळाकडे गेला. वाडीत फोनला रेंज नव्हती. माळावरच्या एका खडकावर उभं राहिलं तरच सबस्टेशनला फोन लागायचा. तिथून लाईन बंद झाल्याचा निरोप घ्यायचा, त्याला लाईन क्लिअर म्हणतात, आणि मग परस्पर खांबाकडे. काठी कर्ण्यालाच होती.

पूजा सुरू व्हायची होती. मी अस्वस्थ होऊन विहिरीकडे गेले. मोटार बंद, येळवस असल्याने बंदच असणार. लाकडी पेटी उघडी होती आणि तिच्यात बसमधल्या पोत्यातले तसले तीन डबे शेजारी शेजारी बसवलेले. मी तारा डोळ्यांनी मागे मागे नेल्या. कंडेन्सर मोटारीला लावलेले नव्हते. ते स्टार्टरच्या अलीकडे होते, थेट लाईनीला.

"शांतक्का, हे स्टार्टरच्या आधी कशाला जोडलंय?"

ती नैवेद्याचं ताट धरून आली होती. "ते व्हय? आटोचं स्टार्टर हाय. तिन्ही फेज दिसल्याबिगर ते उचलतच न्हाई. मग कंडेन्सर आधी लावायचं, त्येला तिन्ही दिसत्यात. लाईट कवा बी येऊ दे, मोटार आपोआप चालू. मंग रानात कोण धावायलंय?"

"सगळ्यांनीच असं केलंय?"

"सगळ्यांनी. काशप्पाच्या पोरानीच बसवून दिलंय सगळीकडं."

लाईन गेल्यावर जनित्र मरतं ते चुंबकत्व उसनं मिळत नाही म्हणून. आणि कंडेन्सर नेमकं तेच उसनं देतो. प्रत्येक विहिरीवर, मोटार बंद असतानाही, लाईनीला चिकटून बसलेला. एरवी शिवारभर मोटारी ओढत असतील तर तो भार त्या दुबळ्या चक्क्यांना पेलवला नसता, त्या लगेच बसल्या असत्या. पण आज मोटारी बंद होत्या. भार म्हणजे चार दिवे आणि एक कर्णा. वारा मंद, म्हणजे चक्क्याही तेवढंच देत असणार. माझ्या कागदावर विहिरींच्या जागी एकच बाण होता आणि त्या बाणात हे डबे नव्हते. सगळ्यांत निवांत म्हणून निवडलेला दिवस सगळ्यांत वाईट होता.

मी माळाकडे बघितलं. संगप्पाची मोटारसायकल उतारावरून धुरळा उडवत खाली येत होती.

नेमकं तेव्हा काशप्पाने गाणं बंद केलं. नैवेद्याची वेळ झाली होती. शिवार एकदम शांत झालं, कोपीपुढे सगळे हात जोडून उभे राहिले. मोटारसायकल वरच्या बांधावरून गेली आणि संगप्पा जाताजाता आमच्याकडे बघून ओरडला, "लाईन क्लिअर घेतलो बगा!" त्याने कान टवकारून कर्ण्याच्या बाजूला मान कलती केली, मग समाधानाने हात हलवला. गाणं थांबलं म्हणजे लाईन गेली, असं त्याने धरलं. ते मला त्याच्या हातावरूनच कळलं. मी हाक मारली, ती मोटारसायकलच्या आवाजात गेली.

मी कोपीत बघितलं.

दिवा पेटलेलाच होता. सकाळी पिवळा होता तो आता पांढरा झाला होता, आधीपेक्षा जास्त लख्ख. पाच पांडवांची चुन्याची अंगं उजळून निघाली होती. सबस्टेशनातून लाईन तोडलेली होती आणि माळावरचे पंखे शिवारातल्या डब्यांच्या जोरावर ती एकट्याने जिवंत ठेवत होते.

"बगा, सणाचं लाईट न्हाई घालवले आज," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांना आनंद झाला. एका म्हातारीने दिव्यालाही हळदकुंकू लावायला हात उचलला.

मला त्या आनंदाचा इतका राग आला की अजून आठवला तरी येतो.

कर्णा

नव्या वस्तीचा खांब दोन रानांपलीकडे होता. मधे तूर, मधे ओढा. धावत जाऊन मी पोचले नसते, हे मला चपलांवरच्या चिखलानेच सांगितलं होतं. तिकडून मोटारसायकलचा आवाज बंद झाला. तुरीच्या वर खांबाचं टोक दिसत होतं, आणि थोड्या वेळाने त्याच्यावर एक हात दिसला.

शांतक्काने माझ्याकडे बघितलं. कालच्यासारखंच, चेहरा वाचायला. मी फक्त दिव्याकडे बोट केलं. ती लाईनमनची बायको होती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिच्या हातातलं ताट पडलं. भज्जी, उंडे, कोंदीच्या पोळ्या सगळं मातीत. आणि ती "अवो" म्हणून ओरडत तुरीत घुसली.

मी काशप्पाच्या अंगावरच पडले म्हणा. माईक त्याच्या मांडीवर होता. मी तो ओढला, खोक्यावरचं पहिलं दिसलं ते बटण दाबलं, कर्ण्याने कान फाटेल अशी शिट्टी मारली आणि मग माझाच आवाज माझ्या डोक्यावरून शिवारभर गेला.

"संगप्पा! हात लावू नका! लाईन जिवंत आहे! संगप्पा, हात—"

आणि आवाज मेला. कर्णा मेला, दिवा विझला, सगळं एकाच वेळी. माझं तोंड उघडंच होतं आणि त्यातून निघणारा आवाज आता फक्त माझ्यापुरता होता.

त्या क्षणात मी काय विचार केला ते लिहिते, कारण टाळलं तर हे वर्णन खोटं होईल. लाईन दोन कारणांनी मरू शकत होती. एक, चक्कीच्या बुडातल्या संरक्षक पेटीने बिघाड ओळखून ब्रेक लावला. दुसरं, तारेला वाट मिळाली, खांबावरून, माणसातून, जमिनीत. दोन्हीत दिवा असाच विझतो. विझलेल्या दिव्याकडे बघून ते सांगणारं गणित माझ्याकडे नव्हतं, साधंही नाही आणि पूर्णही नाही.

मी धावले. तुरीच्या शेंगा तोंडावर आपटत होत्या. ओढ्यात गुडघ्यापर्यंत गेले. पुढे शांतक्काच्या लुगड्याचा रंग दिसत होता आणि तिची हाक ऐकू येत होती, पण उत्तर ऐकू येत नव्हतं.

संगप्पा खांबावर होता. कमरेचा पट्टा खांबाला, एक हात खांबाला मिठी मारून, दुसऱ्या हातात पक्कड, आणि ती तारेपासून वीतभर लांब थांबलेली. तो हलत नव्हता. शांतक्का खाली उभी राहून वर बघत होती. आता ती ओरडत नव्हती.

"उतरा," मी म्हटलं.

तो फार सावकाश उतरला. खाली आल्यावर तो खांबाला पाठ लावून बसला.

"कर्णा बोलला तवा कळलं," तो म्हणाला. "लाईन मेली असती तर कर्णा कसा बोलला असता? म्हणून थांबलो. मग कर्णा बी बंद झाला. मग तर हात हलंनाच."

तुमची काठी कुठे आहे, मी विचारलं. मला माहीत होतं कुठे आहे. मी विचारलं आणि मग जे तोंडाला येईल ते बोलले, त्याला, देशमुखांना, बांबू मोडणाऱ्याला, स्वतःच्या त्या बाणाला. लोक जमले होते. कुणी मला थांबवलं नाही. शांतक्का नवऱ्याच्या शेजारी मातीत बसली आणि त्याच्या हातातली पक्कड तिने बोट बोट सोडवून काढून घेतली. तो ती सोडत नव्हता.

संध्याकाळी

तरी आम्ही जेवलो. येळवशीला रानातून उपाशी कुणाला जाऊ देत नाहीत, त्याला कारण काहीही असो. शेजारच्या रानातून ताटं आली. भज्जी म्हणजे आपल्या मनातली तळलेली भजी नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, पालेभाज्या, चिंच, बेसन, सगळं एका मोठ्या भांड्यात शिजवलेलं, दाट. त्यात बाजरीचा उंडा कुस्करून खायचा आणि वर आंबिल प्यायची. मला चव लागली नाही, पण पोट भरलं. शांतक्काने संगप्पाला तीन वेळा वाढलं.

ऊन उतरल्यावर लोक आंबिलात डहाळी बुडवून पिकांवर शिंपडत शिवाराला फेरी घालायला निघाले. एकजण पुढे ओरडायचा, मागचे साथ द्यायचे. आमच्याकडे शेतात पाया पडतात ते पेरणीला. इथे उभ्या पिकालाच जेवू घालतात, हे मला फार आवडलं. मग वाळल्या गवताचा पेटता पेंढा घेऊन मोठी माणसं रानाच्या कडेने पळाली. कोपीतला दिवा तसाच विझलेला होता. काशप्पा कर्णा उतरवायला लागला, तेव्हा संगप्पा उठला, त्याने काठीची तार स्वतः उलगडली, आकडा पुसला आणि काठी खांद्यावर घेऊन घरी गेला. सगळ्या वाटेत ती त्याने बैलगाडीवर ठेवू दिली नाही.

परत

पुण्यात आल्यावर मी मॉडेल तेच ठेवलं, सोपंच. फक्त बाणाच्या शेजारी कंडेन्सर काढला आणि वारा मंद ठेवला. लाईन तोडली. पडद्यावरची रेषा खाली यायला हवी होती. ती थोडी थरथरली, वर चढली आणि वर राहिली. कितीतरी वेळ वर राहिली. मग एकदम खाली पडली. मी खुर्ची मागे सरकवून उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

ती रेषा मी देशमुखांना पाठवली. त्यांचा फोन आला. "पण मॅडम, शेवटी मेलीच ना लाईन? मग तुमचं आधीचं म्हणणं बरोबरच की."

"मेली," मी म्हटलं. "माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आधी."

सही मी केली ती दुसऱ्या कागदावर. खटका पाडल्याशिवाय आणि काठी टाकल्याशिवाय त्या लाईनीवर कुणी चढणार नाही, आणि खटक्याच्या कुलपाची किल्ली राखणदाराकडे न राहता, काम करणाऱ्याच्या घरी राहील, असं त्यात लिहिलं. कंपनीने मानलं. थोडी कुरकूर करून मानलं.

किल्ली आता संगप्पाच्या खिशात असते, असं मी समजत होते. पुढच्या थंडीत त्याने माळावरच्या खडकावरून फोन केला, येळवशीला या म्हणून, तेव्हा सहज विचारलं. तो जरा ओशाळून हसला.

"माझ्याकडं कुठलं अक्का? तिच्या कमरेला हाय. खांबावर चढायचं म्हणलं की आधी तिला मागावं लागतंय. मग ती माझ्यासंगं माळावर येती, सोता खटका पाडती, कुलूप घालती, आणि पंखे थांबल्याबिगर काठी हातात देत न्हाई."